बोटाने दाखवायचे दुखणे आणि पंजाने दाखवायचे दुखणे



मोडलेले हाड घेऊन दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाच्या मनात एकच प्रश्न असतो : ‘डॉक्टर, कधी जुळणार?’ बहुतेकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर दुखणेच देत असते. पहिल्या आठवड्यात ते असह्य असते, तिसऱ्या आठवड्यात सुसह्य होते आणि हाड धरू लागले की केवळ आठवणीपुरते उरते. दुखणे उतरत चालले, त्याअर्थी हाड जुळत चालले, हा व्यवहारातला ठोकताळा पुष्कळदा बरोबरही ठरतो. परंतु ज्यांना आधीपासून फायब्रोमायल्जिया आहे, त्यांच्या हाती हा ठोकताळा नसतो. हाड जुळले तरी त्यांचे दुखते, आणि नाही जुळले तरी दुखते.

अशा घरांतून मला दोन प्रश्न विचारले जातात. रुग्ण समोर बसून विचारतो, ‘अजून दुखते आहे, म्हणजे हाड जुळलेच नाही ना?’ आणि त्याला बाहेर बाकावर बसवून मुलगा किंवा सून परत आत येऊन हळूच विचारते, ‘एक्स-रे तर चांगला आहे म्हणतात. मग हे खरेच दुखते की मनाचे आहे?’ दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. दुखणे हे हाडाचे मोजमाप आहे, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते.

फायब्रोमायल्जियाविषयी या सदरातून पूर्वी लिहिले असले, तरी थोडी उजळणी करू. सर्वांगात, शरीराच्या दोन्ही बाजूंना, महिनोन्महिने चालणारे दुखणे. झोपूनही न जाणारा थकवा. झोप असूनही ताजेपणा नाही. आणि विसरभोळेपणा, असा हा आजार. स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, मात्र पुरुषांनाही होतो. रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. १९०४ साली इंग्लंडमधील डॉ. विल्यम गॉवर्स यांनी अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ असे नाव दिले. स्नायूंच्या तंतूंना सूज येत असावी, असा त्यांचा तर्क होता. तो पुढे चुकीचा ठरला, कारण सूज कोठेच सापडेना. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे निकष ठरवले, त्यात शरीरावरील १८ ठरावीक जागांपैकी किमान ११ जागा दाबल्यावर दुखणे ही अट होती. २०१० च्या निकषांत ती अट गेली आणि दुखण्याचा विस्तार, थकवा व झोप यांना महत्त्व आले. आज आपण असे मानतो की बिघाड स्नायूत नसून मज्जासंस्थेच्या दुखण्याची वर्दी घेण्याच्या पद्धतीत आहे.

सोसायटीच्या रखवालदाराचे उदाहरण मी नेहमी देतो. काही रखवालदार मांजर आडवे गेले तरी सर्व मजल्यांच्या घंटा वाजवतात. ते खोटे बोलत नसतात, त्यांना काहीतरी खरोखरच दिसलेले असते. परंतु घंटेच्या आवाजावरून चोर किती मोठा, हे मात्र सांगता येत नाही. आणि अडचण पुढेच आहे. रोजच्या घंटांना कंटाळून रहिवासी कूस बदलून झोपू लागले, की एखाद्या रात्री चोर खरोखर येतो.

येथे दोन रुग्णांची हकीकत सांगतो. त्यांच्या ओळखीचे तपशील बदलले आहेत.

लालबागच्या एका जुन्या चाळीत राहणाऱ्या, अडुसष्ट वर्षांच्या एक काकू. फायब्रोमायल्जियाचे निदान होऊन नऊ वर्षे झालेली. पावसाळ्यात गॅलरीच्या टोकाला ओल्या फरशीवर पाय घसरला आणि नडगीचे हाड घोट्याच्या जरा वर मोडले. शस्त्रक्रिया होऊन आत सळी बसली, टाके सुकले, सर्व रीतसर झाले. दोन तपासण्यांनंतर मात्र त्यांचे शस्त्रक्रियातज्ज्ञांकडे जाणे थांबले, कारण तीन जिने उतरवून न्यायचे तर दोन माणसे लागत. घरात एक वाक्य रुळले : ‘आईला काय, नेहमीच दुखते.’ सातव्या महिन्यात त्या माझ्याकडे आल्या, त्याही रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. पाय कसा आहे म्हणून विचारले, तर म्हणाल्या, ‘ते आपले नेहमीचे आहेच हो, पण हे एक निराळे आहे.’ आणि त्यांनी तर्जनी नडगीवरच्या एका ठिपक्यावर टेकवली. पाऊल टेकले की तेथे चमक मारते, पाय वर घेतला की थांबते. एक्स-रे काढला, तर मोडीची रेघ स्पष्ट दिसत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना नव्या हाडाचा भरावा नावालाच होता. हाड जुळलेले नव्हते. नऊ वर्षांच्या दुखण्याने त्यांना सोसायला शिकवले होते आणि घराला दुर्लक्ष करायला.

दुसरे गृहस्थ गिरगावातले, बँकेतून निवृत्त झालेले. मनगटाचे हाड मोडले, प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले, एक्स-रे उत्तम होता. परंतु प्लास्टर निघताच हात कोपरापासून बोटांपर्यंत ठणकू लागला, पाठोपाठ मान आणि दुसरा खांदाही. त्यांनी असा निष्कर्ष काढला की प्लास्टर लवकर काढले. मग हात गळ्यातील झोळीत अडकवून त्यांनी दोन महिने काढले. पत्नी भाजी चिरून, शर्टाची बटणे लावून, घास मोडून देत असे. दोन महिन्यांनंतर मनगटाचे हाड भक्कम होते, पण बोटांची मूठ वळत नव्हती आणि खांदा आखडून बसला होता. त्या खांद्याला मोकळे व्हायला पुढे जवळजवळ वर्ष लागले. मोडलेल्या हाडाने त्यांचे जितके नुकसान केले नाही, तितके न मोडलेल्या खांद्याने केले.

काकूंच्या घरी दुखण्यावर अविश्वास होता, तर गिरगावच्या गृहस्थांचा दुखण्यावर पूर्ण विश्वास होता. फसले दोघेही. म्हणून माझे सांगणे एवढेच, की अशा रुग्णाचे दोन हिशेब वेगळे ठेवा, एक हाडाचा आणि एक अंगदुखीचा. त्यांची बेरीज करू नका.

हे वेगळे करायचे कसे? येथे आपली मराठी भाषा डॉक्टरांना मोठी मदत करते. इंग्रजीत शिकलेले आम्ही ‘पेन’ या एका शब्दावर भागवतो. आपल्या आजी मात्र कळ, चमक, सणक, ठणका, कसकस, रग, आग, मुंग्या असे कितीतरी शब्द वापरतात, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा असतो. पाऊल टेकताना किंवा हात पिळताना मोडीच्या जागीच येणारी चमक हाडाकडे बोट दाखवते. रात्री न थांबणारा ठणका आणि जोडीला ताप किंवा जखमेतून येणारा स्राव असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. अंग कसकसणे, रग लागणे, पहाटे सर्व सांधे जड वाटणे ही बहुधा जुन्या आजाराची भाषा असते. आग होणे, मुंग्या येणे यात नसेचा भाग असू शकतो. ‘फार दुखते’ एवढेच लिहून घेणाऱ्या डॉक्टरांना आपण होऊन हे शब्द सांगा.

दुसरी खूण त्याहून सोपी आहे. ‘कुठे दुखते, दाखवा,’ असे म्हणा आणि हाताकडे पाहा. माणूस एका बोटाने जागा दाखवतो की पूर्ण पंजा फिरवतो? एका बोटाने दाखवलेली, रोज तीच असलेली, भार पडला की वाढणारी आणि विसाव्याने थांबणारी जागा म्हणजे हाडाचा हिशेब. पंजा फिरवून दाखवलेली, आज मांडीत तर उद्या खांद्यात असणारी, झोप बिघडली की वाढणारी वेदना हा दुसरा हिशेब. ही खूण आहे, निकाल नव्हे. निकाल एक्स-रे आणि अस्थिशल्यचिकित्सकांची तपासणीच देते. पण एक्स-रे कधी काढायचा हे ठरवायला या खुणेचा चांगला उपयोग होतो.

काही बाबतींत मात्र बोट-पंजा पाहत बसू नये. ताप, जखमेतून पू, पोटरीला एका बाजूची सूज आणि दुखरा ताठरपणा, अचानक लागलेला दम, बोटे निळी किंवा बधिर पडणे, प्लास्टरच्या आत आवळून येणारी असह्य कळ, किंवा हाताचा-पायाचा रंग व तापमान बदलून साधा स्पर्शही न सोसणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘तिला नेहमीच दुखते’ हे वाक्य अशा वेळी धोक्याचे आहे.

आता हाडाकडे वळू. हाड मोडल्यावर तेथे रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ भरावा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो कठीण होतो आणि पुढे कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही अधिक काळ, त्याला मूळचा आकार येत राहतो. मनगटाला सहा आठवडे पुरतात, पण नडगीला चार-पाच महिनेही लागू शकतात. नडगीचा खालचा भाग, मनगटातील होडीच्या आकाराचे लहान हाड आणि मांडीच्या हाडाची मान या जागांना रक्तपुरवठाच बेताचा असल्याने त्या मुळातच संथ. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेमध्ये काहीच प्रगती नसेल, तर हाड ‘न जुळलेले’ मानण्याची रूढ व्याख्या आहे. व्यवहारात मात्र चांगले शस्त्रक्रियातज्ज्ञ नऊ महिने वाट पाहत नाहीत.

फायब्रोमायल्जिया स्वतः हाडाला इजा करत नाही. तो आडवळणाने त्रास देतो. दुखते म्हणून माणूस हलत नाही, न हलल्याने हाडे विरळ व स्नायू दुबळे होतात, झोप नाही म्हणून तोल सांभाळत नाही. पण हाड उशिरा जुळण्याची कारणे शोधताना या आजारापाशीच थांबू नये. मधुमेह, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे यांची विचारपूस व्हायलाच हवी. स्टेरॉइडे केवळ चिठ्ठीवरची नव्हेत. ‘वाताचे हमखास औषध’ म्हणून मिळणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांतही ती मिसळलेली आढळतात. अशा पुडीने पहिल्या आठवड्यात जादूसारखा आराम पडतो, ही तिची ओळख.

आणि तंबाखू. ‘तंबाखू खाता का,’ असे विचारले की आपल्याकडच्या आजी ठामपणे ‘नाही’ म्हणतात आणि त्या खोटे बोलत नाहीत, कारण मिसरीला त्या तंबाखू समजतच नाहीत. लालबागच्या काकू दिवसातून चार वेळा मिसरी लावत. तव्यावर भाजलेली असली तरी ती तंबाखूच, आणि तिच्यातील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करून हाडाचा भरावा मंदावते. त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्वही कमी निघाले. शस्त्रक्रियातज्ज्ञांनी सळी बदलून जाड बसवली, काकूंनी मिसरीची डबी नातवाच्या हवाली केली आणि पाच महिन्यांनी ती रेघ भरून आली. अंगदुखी मात्र होती तशीच आहे. तिचा हिशेब वेगळा.

ड जीवनसत्त्वाबाबत दोन गोष्टी. कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण त्यात हे जीवनसत्त्व फारसे बनत नाही. त्यासाठी सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळातले ऊन दंडांवर, पायांवर थेट पडावे लागते. काचेच्या खिडकीआडून आलेले उपयोगाचे नाही. परळ-लालबागच्या नव्या उत्तुंग इमारतींत लिफ्ट आली, हे ज्येष्ठांसाठी फार चांगले झाले, पण चाळीच्या गॅलरीतले ऊन तेवढे गेले. दुसरे म्हणजे, ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल ही सामान्यतः आठवड्यातून एकदा आणि ठरलेले आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेणारे किंवा वर्षानुवर्षे चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात.

आहारात ज्येष्ठांची खरी तूट प्रथिनांची असते. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो आणि त्यावर कॅल्शियमचा गिलावा होतो, ही गोष्ट विसरली जाते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, म्हणजे ५५ किलोच्या बाईंना ५५ ते ६६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. चहा-बिस्किटे आणि पातळ वरणभात यावर ही बेरीज कधीच पुरी होत नाही. घट्ट वरण, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, दूध-दही, अंडी, मासे हे दिवसातून तीन वेळा थोडे थोडे यावे. श्रावणात आणि एकादश्यांना विशेष लक्ष द्या. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, खिचडीत असतात ती शेंगदाण्यांची. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ आणि काट्यासकट खाल्ले जाणारे लहान सुके मासेही उत्तम, मात्र रक्तदाब असल्यास त्यातले मीठ धुऊन काढावे.

औषधांची चिठ्ठी दोन डॉक्टरांची असते आणि पुष्कळदा त्या दोघांना परस्परांची चिठ्ठी ठाऊक नसते. फायब्रोमायल्जियासाठी दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन या औषधांनी गुंगी किंवा चक्कर येऊ शकते. पायात सळी, हातात वॉकर आणि डोळ्यांवर गुंगी घेऊन रात्री स्वच्छतागृहाकडे निघालेला माणूस दुसरे हाड मोडून घेतो. तरीही ही औषधे मनानेच एकदम बंद करू नयेत. वेळ व मात्रा बदलून मिळते. हाडाच्या दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल दिले गेले असेल, तर त्याचे ड्युलोक्सेटिन व अमिट्रिप्टिलीनशी जमत नाही, हे दोन्ही डॉक्टरांना ठाऊक असायला हवे. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या ज्येष्ठांच्या पोटाला व मूत्रपिंडांना जड जातात आणि दीर्घकाळ घेतल्यास हाड जुळण्यातही व्यत्यय आणू शकतात. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य, तरी दिवसाला ३ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांच्या वर जाऊ नये. सर्दीच्या गोळ्यांतही तेच असते, तेही मोजावे.

हालचालीचा प्रश्न सर्वांत नाजूक. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांचा एक स्वभाव मी पाहिला आहे. एखादा दिवस बरा उगवला, की त्या सारे कपाट आवरायला काढतात आणि पुढचे चार दिवस पलंगावर घालवतात. हाड मोडलेले असताना हे अधिकच महागात पडते. म्हणून दिवस कसा आहे यावर व्यायाम ठरवू नये, घड्याळावर ठरवावा. चांगल्या दिवशी पाच मिनिटे, वाईट दिवशीही पाच मिनिटे. आठवडा निभावला की सहा. चाळीची गॅलरी यासाठी उत्तम. किती खोल्या ओलांडल्या हे मोजता येते, धरायला कठडा असतो आणि वाटेत चौकशी करणारी माणसे भेटतात. पायावर किती भार द्यायचा, नुसती बोटे टेकवायची, अर्धा भार की पूर्ण, हे शस्त्रक्रियातज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या. अर्धा भार म्हणजे किती, हे अंदाजाने कळत नाही. घरातल्या वजनकाट्यावर ते पाऊल टेकवून काटा पाहिला, की दोन-तीन दिवसांत अंदाज बसतो. प्लास्टरमध्ये असलेल्या हाताची बोटे आणि मोकळा असलेला खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचा असतो. गिरगावच्या गृहस्थांना हे कागदावर लिहून दिलेले होते. तो कागद पाकिटात नीट घडी करून ठेवलेला सापडला.

ज्यांचे स्वच्छतागृह गॅलरीच्या टोकाला आहे, त्यांनी काही महिने कमोडची खुर्ची खोलीत ठेवण्याचा संकोच करू नये. जमिनीवरची गादी उचलून गुडघ्याच्या उंचीच्या पलंगावर न्यावी. मोरीचा उंबरा आणि दारातले पायपुसणे या दोन वस्तूंनी आमच्या भागात जेवढी हाडे मोडली, तेवढी जिन्यांनी मोडली नसतील, असे माझे मत आहे. चालण्याची साधने, आधारपट्टे आणि व्यायामाचे शिक्षण यांसाठी हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासून ती हेच काम करते आहे. दादर-परळहून जाणे अवघडही नाही, पण अनेकांना ती माहीतच नसते.

घरच्यांना एक विनंती. ‘अजून दुखते का?’ असे रोज विचारू नका, त्याचे उत्तर ‘हो’ हेच येणार. त्याऐवजी ‘आज काही निराळे दुखते का?’ असे विचारा आणि हात कुठे जातो ते पाहा. एका साध्या वहीत पानाचे दोन भाग करा. डावीकडे हाडाचे : ठरलेल्या जागी चमक आली का, किती भार दिला, किती खोल्या चाललो. उजवीकडे अंगाचे : झोप कशी झाली, कसकस किती, थकवा किती. दोन ओळी पुरतात. पुढच्या भेटीला ती वही, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि आतापर्यंतचे सर्व एक्स-रे तारखेच्या क्रमाने लावून न्या. हाड पुढे सरकते आहे की नाही, हे एकट्या एक्स-रेवरून कळत नाही, मागच्याशी ताडून पाहावे लागते. आणि हे एक्स-रे गादीखाली ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. दोन महिन्यांत त्यांना घड्या पडतात आणि नेमकी ती घडी मोडीच्या रेघेवर येते.